निवतीच्या किनाऱ्यावर जाताना

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील वेंगुर्ले तालुक्यात, परुळ्याच्या सड्यावरून, म्हणजे कातळी पठारावरून, रस्ता समुद्राकडे उतरतो तिथे निवती हे मासेमारीचे गाव आहे. डोंगराच्या सोंडांमध्ये सापडलेली आखूड पुळण (वाळूचा किनारा), तिच्या माथ्यावर माडांच्या सावलीत ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी आणि त्यांच्या मागे लगेच सुरू होणारी घरे असे गावाचे स्वरूप आहे. येथील वस्ती प्रामुख्याने गाबीत समाजाची असून पिढ्यानपिढ्या तिचे पोट समुद्रावर आहे. अशा किनाऱ्याला भेट देणे म्हणजे एखाद्या मोठ्या चौपाटीवर जाण्यासारखे नसते, कारण वाळूचा जो पट्टा पाहुण्याला मोकळा दिसतो तो गावासाठी होडी लावण्याची, जाळे ओढण्याची, मासळी विकण्याची आणि सुकवण्याची जागा असतो. म्हणून समुद्राची वेळ कोणती आणि गावाच्या कामाची वेळ कोणती, या दोन गोष्टी आधी समजून घेतल्या तर उरलेले सगळे सोपे जाते. पुढील सूचना निवती डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. मात्र भोगवे, खवणे, तोंडवळी किंवा आचरे येथे जाणाऱ्यांनाही त्यांतील बहुतेक लागू पडतील.

ऋतू आणि रस्ता

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. पावसाळा संपून पाणी निवळलेले असते, मासेमारी जोरात असते आणि दुपारचे ऊन सोसण्याजोगे असते. एप्रिल-मे महिन्यांत उकाडा वाढतो, पण सुकी मासळी तयार होण्याचा हाच काळ असल्याने ज्यांना गावाचे काम पाहायचे आहे त्यांनी तो अगदीच टाळू नये. पावसाळ्यात समुद्रात उतरण्याचा विचारही करू नये. दरवर्षी साधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हा काळ माशांच्या प्रजननाचा असतो आणि समुद्रही खवळलेला असतो. त्या दिवसांत होड्या माडाच्या विणलेल्या झापांखाली झाकलेल्या असतात, जाळ्यांची डागडुजी चालते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाल्यावर हंगाम पुन्हा उभा राहतो. नारळी पौर्णिमेच्या दिवशी गावात जाता आले तर अवश्य जावे, मात्र तो गावाचा सण आहे हे ध्यानात ठेवून एका बाजूला उभे राहावे.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी कोकण रेल्वेचे कुडाळ स्थानक सोयीचे आहे. तेथून पिंगुळी, पाट, परुळे या मार्गाने एसटी किंवा रिक्षाने जाता येते. मुंबई-गोवा महामार्गाने स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनीही कुडाळलाच महामार्ग सोडावा. चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झाला आणि तो परुळ्याच्या अगदी जवळ आहे. फक्त विमानसेवेच्या वेळा बदलत असल्याने तिकीट काढण्यापूर्वी त्या तपासून घ्याव्यात. मालवणहून निवती नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसते, परंतु मध्ये कर्ली नदीची खाडी असल्यामुळे रस्त्याने चांगलाच वळसा पडतो. परतीच्या एसटीची वेळ उतरतानाच चालक-वाहकांना विचारून ठेवावी, कारण संध्याकाळनंतर गाड्या विरळ होतात. रोख पैसे कुडाळलाच काढून घ्यावेत. मोबाइलने पैसे देणे आता खेड्यांतही चालते, पण डोंगराच्या कुशीत नेटवर्क दगा देऊ शकते.

गाडी कोठे लावावी हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पाहुणे आणि गावकरी यांच्यात वाद होतो तो बहुधा यावरूनच. किनाऱ्याकडे उतरणारी शेवटची वाट अरुंद असते आणि तिच्यावरून बर्फाचे व मासळीचे टेंपो जातात. होड्या किनाऱ्याला लागल्यावर एक गाडी आडवी असली तरी ताजा माल उन्हात अडकतो आणि त्याचा भाव पडतो. म्हणून गाडी वर, गावाच्या अलीकडे लावावी आणि शेवटचा टप्पा पायी उतरावा. वाळूवर गाडी घालण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. भरती आली की चाके रुततात, आणि हिवाळ्यात त्याच वाळूखाली कासवाची अंडी असू शकतात.

भरती-ओहोटीचे गणित

समुद्राला दिवसातून साधारणपणे दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. एका भरतीपासून दुसऱ्या भरतीपर्यंत सुमारे १२ तास २५ मिनिटे जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात यासाठी पंचांगाचा जुना आणि उपयुक्त आडाखा आहे: त्या दिवशीची तिथी घ्यावी आणि तिची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणून भरती तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते. हा हिशेब उत्तर कोकणाला अधिक जुळतो. दक्षिणेकडे सिंधुदुर्गात भरती त्याहून काहीशी लवकर येते, म्हणून घरून निघताना आडाखा करावा आणि किनाऱ्यावर पोचल्यावर एखाद्या जाणत्या मच्छीमाराकडून वेळ पक्की करून घ्यावी.

या गणिताचा उपयोग असा. पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी खूप वर येते आणि तेवढेच मागे जाते. त्या दिवसांत ओहोटी संध्याकाळी असल्याने सूर्यास्ताच्या वेळी पुळण रुंद मिळते आणि टोकाच्या खडकांवरील डबक्यांत खेकडे, शंख, समुद्रफुले निवांत पाहता येतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाण्याची चढ-उतार कमी असते आणि समुद्र तुलनेने संथ राहतो. खडकांकडे जायचे असेल तर पाणी उतरत असतानाच जावे आणि ते वळण्यापूर्वी परत फिरावे. खडकाला वळसा घालून पलीकडच्या लहान पुळणीवर गेलेली माणसे भरतीत अडकतात, आणि ओल्या शेवाळलेल्या दगडावरून परत येणे पट्टीच्या पोहणाऱ्यालाही कठीण जाते.

पोहण्याच्या बाबतीत मी कोणतीही सवलत देणार नाही. निवतीसारख्या किनाऱ्यावर जीवरक्षक असेलच असे समजून पाण्यात उतरू नये. पाणी कमरेच्या वर जाऊ देऊ नये, एकट्याने उतरू नये, दारू घेऊन तर मुळीच उतरू नये. शक्य असेल तर पाणी चढत असताना पोहावे, कारण उतरते पाणी माणसाला आत ओढते. पुळणीच्या टोकाशी, खडकांच्या कडेने आणि खाडीच्या मुखाशी ही ओढ सर्वांत जास्त असते. भोगव्याच्या उत्तरेला कर्ली नदी समुद्राला मिळते तेथील पाणी वरून शांत दिसले तरी त्यात पाय घालू नये. लाटा फुटत असताना मध्येच एखादा पट्टा सपाट, गढूळ आणि लाटाविरहित दिसला, तर तो सुरक्षित समजण्याची चूक होते. प्रत्यक्षात किनाऱ्यावर आलेले पाणी तेथूनच वेगाने परत जात असते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये. अंग तरंगते ठेवावे, हात वर करून हाक मारावी आणि किनाऱ्याला समांतर पोहत ओढीच्या पट्ट्याबाहेर आल्यावरच किनाऱ्याकडे वळावे. बुडणाऱ्याच्या मागे उडी घेण्याऐवजी त्याच्याकडे दोर, रिकामा कॅन किंवा फळी फेकावी आणि होडीवाल्यांना बोलवावे. आणीबाणीत ११२ हा सर्वसाधारण क्रमांक, १०८ हा रुग्णवाहिकेचा आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा क्रमांक उपयोगी पडतो.

रापण पाहताना

या किनाऱ्यावर पाहण्यासारखे सर्वांत मोठे काम म्हणजे रापण, आणि त्यासाठी मुक्काम वाढवावा लागला तरी वाढवावा. रापण हे किनाऱ्यावरून ओढण्याचे लांबलचक जाळे असते. त्याच्या दोराचे एक टोक किनाऱ्यावर माणसांच्या हाती ठेवून होडी समुद्रात जाते, अर्धवर्तुळ करत जाळे सोडत जाते आणि दुसरे टोक घेऊन पुळणीच्या दुसऱ्या भागाला लागते. मग दोन्हीकडे माणसांच्या रांगा लागतात. दोर पावलापावलाने ओढला जातो, दोन्ही रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकत येतात आणि शेवटी जाळ्याची पिशवी मासळीसह वाळूवर येते. या कामाला तासन् तास लागू शकतात. तारली किंवा बांगड्याचा थवा सापडला तर किनारा चांदीसारखा लखलखतो. कधी मूठभर पेडवे आणि बाकी शेवाळ एवढेच हाती येते. मासळी विकून आलेल्या पैशाचे वाटे होतात: होडीचा आणि जाळ्याचा वेगळा वाटा, आणि मग रापणीत सहभागी असलेल्या प्रत्येकाचा. दोराला हात लावायला आलेल्यालाही कालवणापुरती मासळी देण्याची रीत आहे. एवढी मोठी मेहनत संपूर्ण गावाने मिळून करण्याची आणि तिचे फळ वाटून घेण्याची ही पद्धत मला कोकणातील अत्यंत मोलाची गोष्ट वाटते.

रापण चालू असताना पाहुण्याने दोन रांगांच्या मध्ये, म्हणजे जाळे येणार असलेल्या पाण्यात उतरू नये. माणूस दिसला की मासळी बुजते आणि जाळ्याची कडही उचलली जाते. ताणलेल्या दोरावरून उडी मारू नये किंवा त्यावर पाय ठेवू नये. तो सुटला तर पायाला फास बसतो. दोर ओढण्याची इच्छा असेल तर आधी रांगेतल्या वडीलधाऱ्याला "काका, हात लावू का?" असे विचारावे. बहुतेक वेळा होकार मिळतो. मग फोन खिशात ठेवून, पुढच्या माणसाच्या लयीत, टाचा वाळूत रोवून ओढावे आणि मध्येच छायाचित्रासाठी दोर सोडून जाऊ नये.

जाळे वाळूवर आल्यावर मुलांचा हात घट्ट धरावा. मासळीबरोबर पाकट (चपटा, लांब शेपटीचा मासा) येते आणि तिच्या शेपटीवरील काटा विषारी असतो. शिंगाळा माशाचे काटेही खोल जखम करतात. समुद्रसापही येतात. ते वाळूवर मंद आणि निरुपद्रवी दिसतात, परंतु त्यांचे विष जहाल असते आणि भारतात नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्यासाठी जे प्रतिविष सर्वत्र वापरले जाते ते समुद्रसापाच्या विषासाठी बनवलेले नसते. म्हणून मेलेला वाटणारा सापही काठीने डिवचू नये. पाकटीचा काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवावा, काटा आत तुटलेला असल्यास स्वतः उपटू नये आणि दवाखाना गाठावा. जेलीफिश लागल्यास जखम समुद्राच्याच पाण्याने धुवावी. गोड्या पाण्याने आणि चोळण्याने दाह वाढतो.

जाळ्यात कासव सापडले तर मच्छीमार ते सोडून देतात. संरक्षित प्राण्याला सोडवण्यासाठी जाळे कापावे लागल्यास राज्य शासनाच्या योजनेतून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. अशा वेळी कासवाला घेरून सेल्फी काढण्याऐवजी पाण्यापर्यंतची वाट मोकळी करावी. ऑलिव्ह रिडले कासवाच्या माद्या साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री कोकणच्या पुळणींवर अंडी घालतात. वेंगुर्ले तालुक्यातच वायंगणीला गावकऱ्यांनी त्यांच्या संवर्धनाचे काम उभे केले आहे. रात्री पुळणीवर मादी दिसल्यास विजेरी विझवावी, तिच्या पुढे जाऊ नये आणि गावातल्या माणसाला कळवावे.

गावात वावरताना

होडीवर बसून छायाचित्र काढण्याची सवय फार पसरली आहे आणि ती गावाला खुपते. होडीची पूजा होते. तिच्यावर चप्पल घालून चढणे म्हणजे त्यांच्या दृष्टीने देवघरात चप्पल घालून जाणे होय. वाळूवर पसरलेली जाळीही ओलांडू नयेत, कारण ती महाग असतात आणि टाचेखाली अडकलेला एक खडा धागा कापायला पुरतो. सुकत घातलेल्या मासळीला वळसा घालून जावे. मासे निवडणाऱ्या बायकांचे छायाचित्र घेण्यापूर्वी विचारावे, "काकी, एक फोटो काढू?" एवढे पुरते, आणि नकार आला तर हसून पुढे जावे. पोहण्याचे कपडे पाण्यापुरते ठेवावेत आणि वाडीतून चालताना अंगावर टॉवेल किंवा सदरा घ्यावा. मोठ्या आवाजातील गाणी आणि किनाऱ्यावरचे मद्यपान हे दोन्ही येथे नकोत. पहाटे समुद्रावर जाणारी माणसे रात्री लवकर झोपतात. काचेची बाटली फुटली तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर अनवाणी पाय पडतात ते रापण ओढणाऱ्यांचे. प्लास्टिकचा कचरा सोबतच्या पिशवीत भरून परत न्यावा, कारण छोट्या ग्रामपंचायतीकडे तो उचलण्याची यंत्रणा अपुरी असते.

संध्याकाळी गप्पा रंगल्या तर बोलणे बहुधा कमी होत चाललेल्या मासळीवर येते. मोठ्या पर्ससीन नौका (माशांच्या थव्याला जाळ्याने घेरून पकडणाऱ्या) आणि रात्री एलईडी दिवे लावून होणारी मासेमारी यांमुळे किनाऱ्याजवळची मासळी घटली, ही पारंपरिक मच्छीमारांची जुनी तक्रार आहे. राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले आणि १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमात २०२१ मध्ये सुधारणा करून दंड वाढवला. तरीही अंमलबजावणीवरून संताप आहे. हा त्यांच्या पोटाचा विषय आहे. त्यावर सल्ले देऊ नयेत, ऐकून घ्यावे.

जेवणासाठी घरगुती निवासाची सोय असलेल्या घरी सकाळीच सांगून ठेवावे, म्हणजे त्या दिवशीच्या मासळीचे कालवण मिळते. बांगडा मिळाला असेल तर तिरफळे घातलेले तिखले (तिखट, दाट कालवण) मागावे. ताज्या बांगड्याला त्याहून चांगला न्याय कोणी दिलेला नाही. सोमवारी किंवा श्रावणात अनेक घरांत मासळी शिजत नाही, तेव्हा काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी यांवर आनंदाने समाधान मानावे.

हाताशी एक सकाळ जास्तीची असेल तर निवतीचा किल्ला पाहावा. सिंधुदुर्गाच्या उभारणीनंतर शिवाजी महाराजांनी तो बांधला असे सांगतात. आज खंदक, बुरूज आणि पडकी तटबंदी उरली आहे, मात्र वरून उत्तरेकडे भोगव्याची लांब पुळण आणि दक्षिणेकडे निवती असे दोन्ही किनारे एकाच नजरेत येतात. गवत वाढलेले असल्यास पायांत बूट हवेत. डॉल्फिन पाहण्यासाठी होडीने जायचे ठरवल्यास जीवरक्षक जाकीट अंगावर चढल्याखेरीज होडीत बसू नये, आणि डॉल्फिनचा पाठलाग करण्याचा आग्रह चालकाला करू नये; इंजिन मंदावून थांबले तर तेच बऱ्याचदा जवळ येतात. समोर समुद्रात दिसणाऱ्या वेंगुर्ला रॉक्स या खडकाळ बेटांवर दीपगृह आहे आणि तेथील गुहांत भारतीय पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. पूर्वी त्यांच्या घरट्यांची चोरटी तोड होत असे. ती बेटे होडीतून, दुरूनच पाहावीत.

मासळी घेताना

लिलाव चालू असताना घासाघीस करत मध्ये शिरू नये, कारण तेथे मोठ्या टोपल्यांचा व्यवहार झपाट्याने होत असतो. तो आटोपल्यावर विक्रीला बसलेल्या बायकांकडे वाटे लावलेले असतात, ते घ्यावेत. मासा ताजा असेल तर कल्ला लालभडक असतो, डोळा फुगीर व स्वच्छ असतो आणि बोटाने दाबलेला मांसल भाग लगेच वर येतो. बोटभर लांबीच्या सुरमईची किंवा पापलेटची पिल्ले स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवली आहे, आणि पिल्लांना गिऱ्हाईकच मिळाले नाही तर तो नियम पाळणे मच्छीमारालाही सोपे जाईल. भाव दोन-पाच रुपयांनी कमी करून घेण्यात अर्थ नाही. पहाटेपासूनचे कष्ट समोर दिसत असतात.

लांबच्या प्रवासासाठी ओली मासळी न्यायची असेल तर ती साफ करून घ्यावी, थर्माकोलच्या पेटीत खाली बर्फ, मध्ये मासळी, वर पुन्हा बर्फ असे थर लावावेत आणि झाकण चिकटपट्टीने बंद करावे. तरी रेल्वेच्या डब्यात वास येऊ शकतो हे सहप्रवाशांचा विचार करून लक्षात घ्यावे. सुका माल नेणे अधिक सोयीचे. खारवलेला बांगडा, सुकट किंवा गोलमा (वाळवलेली बारीक कोळंबी) घेताना तो हाताला कोरडा लागतो का, त्यावर बुरशीचे ठिपके नाहीत ना आणि वाळू चिकटलेली नाही ना, एवढे पाहावे. घरी नेल्यावर पुन्हा एकदा कडक ऊन दाखवून घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवला तर पावसाळाभर टिकतो.